पान्हा कुणाच्या हाताला?

१

कोल्हापुरात माणूस गेला की आधी गर्दी होते, मग चहा येतो, आणि सगळ्यांची मतं मांडून झाली की मग पोलीस येतात. गुंडू गवळ्याच्या वेळीही तसंच झालं. फक्त गर्दी व्हायच्या आधी, हातात पितळी तांब्या घेऊन, गोठ्याच्या दारात एकट्या शिवम्माक्का उभ्या होत्या.

शिवम्मा मगदूम म्हणजे जिल्हा न्यायालयातल्या निवृत्त टायपिस्ट. माहेर संकेश्वरकडचं, सासर शिवाजी पेठेतलं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दुधाची पिशवी त्यांच्या घरात कधी आली नाही. रोज सकाळी स्वतः गोठ्यावर जायचं, डोळ्यांदेखत धार काढून घ्यायची आणि कोमट तांब्या पदराखाली झाकून घरी यायचं, हा त्यांचा नेम. कोर्टात जन्म काढलेल्या बाईचा दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास बसणार कसा?

त्या दिवशी गोठ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाण्याच्या दगडी डोणीपाशी गुंडू पालथा पडला होता. डोक्याखालचं शेण काळपट झालेलं. अक्कांनी वाकून त्याच्या मनगटाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. हात गार होता आणि लाकडासारखा ताठ झाला होता. दावणीला हौशी म्हैस शांतपणे रवंथ करत उभी होती.

"अय्यो शिवने!" एवढंच अक्कांच्या तोंडून निघालं.

तेवढ्यात मागून पायताणं वाजली. गुंडूची बायको बायडाबाई गारगोटीहून पहिल्या एस्टीनं आली होती. आई आजारी म्हणून ती आदल्या दिवशी माहेरी गेली होती. हातातली पिशवी तिथंच टाकून ती नवऱ्याकडे धावली. तिचा हंबरडा ऐकून गल्ली गोळा झाली. पलीकडच्या गोठ्यातला गुंडूचा चुलतभाऊ जोतीराम ऊर बडवत आला.

"हौशीनं लाथ घातली वो! गुंडूदा, म्या किती डाव सांगितलं, म्हस लई तापट हाय!"

फौजदार घोसरवाडे आले, त्यांनी हौशीकडे लांबूनच बघितलं आणि 'जनावराच्या लाथेने अपघाती मृत्यू' असं लिहून घेतलं. सगळ्यांना पटलं. अक्कांनाही पटलं.

घरी येऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं, दुधासाठी तांब्या उचलला, तर तांब्या रिकामा. आज दूध मिळालंच नव्हतं. रिकाम्या तांब्याकडे बघता बघता अक्कांनी आधण उतरवून ठेवलं. गुंडू रात्रीच मेला होता, मग हौशी सकाळी गप्प कशी? उन्हं वर येईतो धार काढली नाही तर म्हैस रेकून रेकून पेठ डोक्यावर घेते. आणि तिची कास? डोळे मिटल्यावर ती त्यांना स्पष्ट दिसली. सैल, सुरकुतलेली, रिकामी.

गुंडू मेल्यावर कुणीतरी हौशीला पिळलं होतं.

२

गंगावेशीजवळचा दूधकट्टा ज्यानं पाहिला नाही त्याला पुढची गोष्ट खोटी वाटेल. संध्याकाळी म्हशी रस्त्यावर आणून बांधतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि गवळी पेल्यात फेसाळ धार काढून हातात देतो. मधे कॅन नाही, पिशवी नाही, पाण्याचा थेंब नाही. पैलवान आणि वकील एकाच बाकड्यावर बसून मिशीला पांढरा फेस लावून घेतात. या कट्ट्याची राणी म्हणजे हौशी.

हौशीचं रेडकू जन्मल्यावर लगेच मेलं. तेव्हापासून ती पान्हा सोडायची ती दोनच हातांना, गुंडूच्या आणि बायडाबाईच्या. तिसऱ्यानं सडाला हात लावला की पेला एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. पेठेतल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे माहीत होतं.

दोन हातांपैकी एक हात तर ताठ होऊन पडला होता.

अक्कांनी हे चौकीत जाऊन सांगितलं, आणि अशा सुरेख क्रमानं सांगितलं की घोसरवाडे खुर्चीत सरळ बसले. शवविच्छेदनाचा अहवालही आला. मृत्यू रात्री जेवणानंतर थोड्याच वेळात झाला होता, आणि घाव लाथेचा नव्हता, कपाळ दगडावर आपटलं होतं. मग शेजाऱ्यांना आठवू लागलं. गारगोटीला जायच्या आदल्या रात्री नवरा-बायकोचं जोरात भांडण झालं होतं. बायडाबाई ओरडली होती, "असं केलासा तर मी ह्या घरात पाय ठेवणार न्हाई!" रात्री ती माहेरीच होती याला साक्षीदार कोण, तर सख्खा भाऊ. एखाद्या ट्रकनं येऊन काम उरकून पहाटे परत जायला गारगोटी काही काशी नव्हे.

एकात एक कडी अडकत गेली. अक्कांनी कोर्टात असे निकाल ढिगानं टाइप केले होते. पाहणारा कुणी नसला तरी परिस्थितीची साखळी अखंड असली की गुन्हा शाबीत होतो. माणसं खोटं बोलतील, परिस्थिती खोटं बोलत नाही, असं एक न्यायाधीश नेहमी म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बडवली, आज पहिल्यांदा आपली साखळी आपण जोडली, याचं अक्कांना सुख झालं. खोटं कशाला बोला, चांगलंच सुख झालं.

बायडाबाईला नेताना अक्का गर्दीत पुढेच होत्या. तिनं जीपमध्ये बसताना एकदा त्यांच्याकडे वळून पाहिलं.

सांजदैनिकात मथळा आला, 'मुक्या जनावराने दिली साक्ष'. मग काय विचारता! हौशीला बघायला उचगावपासून माणसं येऊ लागली. जोतीराम तिला रोज संध्याकाळी कट्ट्यावर आणून बांधायचा, पेंड-भुशाचं आंबोण ठेवायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि सडाला हात लावायचा. तटतटलेल्या, तुकतुकीत कासेची हौशी अशी लाथ झाडायची की जोतीराम धुळीत लोळायचा.

"बघा मंडळी," कपडे झटकत तो डोळे पुसायचा, "दूध हाय, पर मला देत न्हाई. वैनीचा हात मागतीया."

लोक हळहळायचे. कुणी हौशीच्या पाया पडायचे. आठवडा असाच गेला, आणि एका दुपारी अक्कांच्या दाराची कडी वाजली.

३

दारात बायडाबाईचा भाऊ उभा होता. गारगोटीकडचा शेतकरी गडी, डोळे तांबारलेले. पाणी दिलं तरी त्यानं घेतलं नाही.

"आक्का, कळंब्याच्या जेलात जाऊन आलो. भण खाईना झालीया. कोपऱ्यात बसून भिंतीकडं बघत असती. सायेब म्हणतोय, तुमचा जबाब लई पक्का हाय."

"मी जे पाहिलं ते सांगितलं, बाबा."

"काय बघितलासा? तिला मारताना बघितलासा?"

अक्कांनी पाण्याचा पेला पुन्हा त्याच्याकडे सरकवला.

"त्या रातीला आईचं पाय दुखत हुतं. बायडी उजाडंपतोर चेपत बसली हुती, म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं. ही साक्ष भावाची, म्हणून खोटी. आणि म्हशीची खरी? म्हस काय शपथ घेऊन बोलली व्हय कोर्टात?"

तो निघून गेला. पाण्याचा पेला तसाच राहिला.

त्या संध्याकाळी देवासमोर दिवा लावताना अक्कांना त्याचं बोलणं आठवलं. म्हैस खरंच काही बोलली नव्हती. परिस्थिती बोलतच नसते, बोललो होतो ते आपण! आपण म्हटलं, दोनच हात. पेठेनं म्हटलं, दोनच हात. पण हे तपासलं कुणी? आणि तिसरा हात निघाला तर? एक बाई आपल्या हुशारीपायी भिंतीकडे बघत उपाशी बसली आहे, या विचारानं त्यांनी ताट बाजूला सारलं. 'आरोपपत्र दाखल झाल्यावर चूक निस्तरणं म्हणजे उतरणीला लागलेली गाडी ओढून धरणं.' हे कोर्टातल्या कारकुनाचं वाक्य त्यांना भिववत राहिलं.

तिसरा हात कुणाचा असू शकेल? हौशीवर डोळा असलेला एक माणूस पेठेला माहीत होता. उचगावचा म्हशींचा व्यापारी ज्ञानू. गुंडूशी त्याची हौशीवरूनच बाचाबाची झाली होती.

४

ज्ञानू आपल्या अंगणात एका म्हशीचे दात बघत होता. अक्कांना बघून त्यानं खाट पुढे केली.

"या पावणं. म्हस घ्यायची का?"

"माहिती घ्यायची आहे. गुंडू गेला त्या रात्री तुम्ही कुठं होता?"

ज्ञानू मोठ्यानं हसला. "वडगावच्या जनावरांच्या बाजारात मुक्कामाला. धा जणं सांगतील. आणि हौशीला मी पिळली म्हणत असशीला, तर ही बघा." त्यानं धोतर वर करून नडगीवरचा मोठा व्रण दाखवला. "गुंडूसमोर नुसता हात लावलेला. महिनाभर लंगडत हुतो."

"मग भांडण कशाचं होतं?"

"तो इकंना, मी सोडंना. अजून बी सोडत न्हाई. परवा जोत्याला इचारलं, म्हटलं तुला दूध देत न्हाई, खाऊन शेणच टाकणार, दे मला. तर नगं म्हणतोय. भावाची आठवण हाय म्हणं." ज्ञानू थुंकला. "आठवणीला फोटो लावावा की! आता आणि चार दिवस गेलं तर मीच घेणार न्हाई."

"का?"

"आक्का, न पिळलेल्या म्हशीचं काय हुतंय ठावं न्हाई? आधी कास दगडागत हुती, हात लावू देत न्हाई, रात्रंदिस वरडती. मग आटती. आटली की झालं, पुढच्या येतापतोर, म्हंजी परत व्याईपतोर, रिकामं भांडं."

अक्का सिटी बसनं परत निघाल्या. ज्ञानूवरचा संशय तर मिटला, हाती काही लागलं नाही, अशा चिडचिडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कट्ट्याजवळ बस थांबली. रस्त्याकडेला हौशी उभी होती आणि जोतीराम नेहमीप्रमाणे धुळीतून उठत होता.

"दूध हाय, पर देत न्हाई!" कुणीतरी म्हणालं.

अक्कांची नजर कासेवर गेली. तटतटलेली, तुकतुकीत. कालच्यासारखी. परवाच्यासारखी. आठवडाभर रोज संध्याकाळी अगदी अशीच. ना दगडासारखी सुजलेली, ना आटलेली. आणि रात्री गल्लीत हौशीचा आवाज एकदाही ऐकू आला नव्हता.

रोज भरते, म्हणजे रोज रिकामी होते! कोण करतं?

अक्का आपला थांबा विसरल्या आणि पार रंकाळ्यापर्यंत गेल्या.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम आपल्या म्हशी घेऊन नदीकडे गेल्याचं पाहून अक्का गुंडूच्या गोठ्यामागच्या बोळात शिरल्या. किल्ली आता जोतीरामकडे असायची, त्यामुळे आत जायची सोय नव्हती. पण बोळातच त्यांना आंबूस वास आला. गोठ्याच्या मोरीचं पाणी जिथं गटारात पडतं तिथं पांढरट साय धरली होती, आणि पेठेतली यच्चयावत मांजरं तिथं मिशा चाटत बसली होती. ज्या म्हशीचं दूध निघतच नाही, तिचं दूध इथून वाहत होतं.

अक्कांनी काडीनं साय बाजूला केली. खाली काहीतरी चमकलं. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, मान मोडलेली. त्यांनी ती उचलली, एवढ्यात मागून आवाज आला.

"आक्का, काय हुडकतासा?"

जोतीराम परत आला होता. अक्कांनी मूठ आवळली. काच तळहातात शिरली.

"कानातलं पडलं रे. काल इथून गेले होते."

"थांबा की, मी बगतो." तो खरोखरच वाकला आणि हातानं गटार चाचपू लागला. आपल्या मुठीतून रक्ताचा थेंब त्याच्या पाठीवर पडेल या भीतीनं अक्कांनी मूठ पदरात लपवली. त्याच्या मानेवरची शीर उडताना त्यांना दिसत होती. त्याला साय दिसत होती, मांजरं दिसत होती, आणि अक्कांनाही ती दिसली आहेत हे त्याला कळत होतं.

"गावलं न्हाई," तो उठून म्हणाला. "हिकडं परत येऊ नगासा, आक्का. पाय घसरतोय हितं."

अक्का तिथून निघाल्या त्या थेट गैबीभाईंच्या दुकानात. पेंड, भुसा आणि जनावरांची औषधं विकणारे गैबीभाई पेठेतले जुने व्यापारी. कुपी बघताच त्यांनी दुकानाबाहेर डोकावून घेतलं.

"ही पान्ह्याच्या सुईच्या औषधाची कुपी. टोचली की म्हस उभ्या उभ्या पान्हा सोडती. रेडकू नगं, आंबोण नगं."

"आणि ओळखीचा हात?"

"वळख कसली घिऊन बसलाईसा! म्हशीच्या मनात असू नसू, दूध खाली येतंयच. चोरून वापरत्यात. कट्ट्यावर कळलं तर त्या गवळ्याच्या पेल्याला कुत्रं बी तोंड लावणार न्हाई."

"ही कुणी नेली तुमच्याकडून?"

"मी इकत न्हाई आक्का, खुदा की कसम. आणि इकत असतो तरी नावं सांगून दुकान कसं चाललं असतं?"

दुकानाच्या पायरीवरच अक्का थांबल्या. ज्या एका कडीवर त्यांची सगळी साखळी लटकत होती, ती टाचणीएवढ्या सुईनं तुटली होती. सुई हातात असेल तर हौशीला कुणीही पिळू शकत होतं.

नवी साखळी तर समोरच पडली होती. जोतीराम हौशीला रोज चोरून पिळतो, दूध गटारात ओततो आणि कट्ट्यावर लाथ खायचं सोंग करतो. लाथ तेवढी खरी, कारण तिथं सुई टोचायची सोय नाही. विकायला तो तयार नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या हाताला ती वळली तर 'दोनच हात' ही गोष्ट संपली. त्या गोष्टीच्या आडच तर तो सुखात बसला आहे!

पण अक्कांना आता आनंद झाला नाही, भीती वाटली. पहिली साखळीही अशीच सुरेख होती की.

६

घोसरवाड्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अक्का, आठवड्यापूर्वी तुम्ही एकीला पकडून दिलं. आता दुसरा. पुढच्या आठवड्यात कोण, मी?"

"म्हणूनच म्हणते, माझ्या हुशारीवर जाऊ नका. आपण तपासून बघू."

अक्कांनी जन्मात पहिल्यांदा चारचौघांत थाप मारली. त्या संध्याकाळी कट्ट्यावर त्यांनी जाहीर केलं की उद्या पुण्याचे पेपरवाले हौशीचे फोटो काढायला येणार आहेत. तेव्हा आजची रात्र तिला तालमीच्या अंगणात बांधू, पोरं राखण करतील. पेठ खूश झाली. जोतीरामचा चेहरा उतरला, पण नको म्हणायला त्याला कारण सापडेना.

"पहाटं वैरण टाकाया येतो," तो म्हणाला.

"वैरण पोरं टाकतील. तू झोप जरा, किती दमलायस," अक्का म्हणाल्या.

उजाडलं तशी हौशी रेकू लागली. आधी थोडं थांबून थांबून, मग सलग. उन्हं चढली तशी तिची कास लालसर झाली, मागचे पाय फाकले, सडांतून आपोआप थेंब गळू लागले. पेठेतल्या बायका दारात आल्या. पैलवान जोर मारायचे थांबले. अंगण माणसांनी भरलं. लोक कुजबुजू लागले. एका रात्रीत ही गत, मग आठवडाभर ही गप्प कशी होती?

घोसरवाड्यांना अक्कांनी मुद्दाम पलीकडच्या हॉटेलात बसवलं होतं. "पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, साहेब. चारचौघांसमोर बोलला तर काही उपयोग आहे. तुम्ही चहा घ्या." फौजदार कुरकुरत बसले.

जोतीराम तालमीच्या पायरीवर बसला होता. हौशी रेकली की त्याचा खांदा उडायचा. तो बापापासूनचा गवळी. त्यानं कानांवर हात ठेवले, काढले, परत ठेवले. अक्का त्याच्यासमोर उभ्या होत्या आणि त्यांचंही काळीज फाटत होतं. आपण मुक्या जनावराला छळतोय, आणि हा जर निर्दोष निघाला तर?

"सोडा की तिला!" तो एकदम ओरडला. "कास फुटंल तिची! डोळं हाईत का न्हाईत तुमाला?"

"सोडून काय करू? ती कुणालाच पान्हा देत नाही ना. तुला तर नाहीच देत."

"देती!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "देती वो! सरका तिकडं!"

गर्दी बाजूला झाली. जोतीरामनं बंडीच्या खिशातून सुई आणि कुपी काढली, कुपीची मान मोडली, सुई भरली आणि सराईतपणे हौशीच्या मानेत टोचली. थोडा वेळ गेला. मग तो खाली बसला आणि सडाला हात लावला. बादलीत धार वाजली. हौशी थांबली, आणि सगळं अंगण इतकं शांत झालं की ती धार तेवढी ऐकू येत होती.

बादली भरत आली तशी अक्कांनी हळूच विचारलं, "गुंडूनं ही सुई बघितली होती का रे?"

त्याचे हात थांबले नाहीत. मान वर न करता तो बोलला.

"माझ्या गोठ्यात गावली त्येला. त्या रातीला म्हणला, उद्या कट्ट्यावर समद्यांम्होरं सांगणार. म्या पाय धरलं. पोरींची लग्नं व्हायाची हाईत म्हटलं. त्यो पाय झाडून आत निघाला, म्या ढकललं. डोणीवर पडला." धार पुन्हा वाजली. "पहाटं ही वरडली असती तर गल्ली जागी झाली असती. म्हणून येऊन पिळली. दुसरं काय बी मनात न्हवतं."

"आणि बायडाबाईला अडकवलंस?"

आता त्यानं मान वर केली. "वैनीचं नाव म्या न्हाई घेतलं, आक्का. म्या तर म्हटलं, म्हशीनं लाथ मारली. वैनीचं नाव तुमी घेतलासा. म्या फकस्त गप बसलो."

७

कोर्टाचे सोपस्कार उरकून बायडाबाई घरी आली तेव्हा पेठेनं तिच्या दाराशी नारळ फोडला. सांजदैनिकानं अक्कांचा फोटो छापला. अक्कांनी तो अंक उघडलाही नाही. तिच्याकडे जायचं म्हणून त्या रोज पातळ बदलत आणि रोज घरीच बसत. शेवटी एका सकाळी धीर करून गेल्या.

बायडाबाई दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. हातातल्या बांगड्या गेल्या होत्या आणि मनगटं काडीसारखी झाली होती. अक्कांना बघून तिनं सूप खाली ठेवलं. उठली नाही.

"बायडे, माझं चुकलं. मी तुला तुरुंगात घातलं. क्षमा कर म्हणायलासुद्धा तोंड नाही मला."

"सोडवलासा बी तुमीच की," बायडाबाई शांतपणे म्हणाली. "समदी पेठ म्हणतीया, आक्कांचं डोस्कं लई भारी."

"तसं बोलू नकोस."

"न्हाई, खरंच सांगतो. एक इचारू? आमचं भांडाण झालं त्या रातीला, त्ये समद्यांनी ऐकलं. कशावरनं झालं, ठावं हाय तुमाला?"

अक्कांनी मान हलवली. त्यांना ठाऊक नव्हतं.

"जोत्या भावजीवरनं. सुई गावली म्हणून ह्यांनी कट्ट्यावर सांगतो म्हटलं. म्या म्हटलं, घरातली गोष्ट घरात मिटवा, त्येच्या पोरींच्या तोंडाकडं बगा. आसं केलासा तर मी ह्या घरात पाय ठेवणार न्हाई म्हटलं." ती तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकत म्हणाली, "जोत्या भावजीला वाचवायला भांडलो मी."

"हे तू पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"फौजदारानं इचारलं, मारलंस का? म्या न्हाई म्हटलं. फुडं काय बोलाया लागलो, तर म्हणला, कोर्टात सांग. आणि तुमी, आक्का..." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "इतकी वर्सं माझ्या हातचं दूध पिलासा. उचगावला गेलासा, गैबीभाईकडं गेलासा, गटारात हात घातलासा. कळंबं काय लांब हुतं व्हय? यायचं, समोर बसायचं आणि इचारायचं, बायडे, काय झालं गं? मी पयल्याच दिशी सांगितलं असतं."

अक्कांच्या डोळ्यांना धार लागली. भीती वाटत होती, तुझ्या डोळ्याला डोळा देववत नव्हता, असं त्यांना सांगायचं होतं, आणि ते किती हलकं आहे हेही कळत होतं.

बायडाबाईनं सूप उचललं आणि ती आत गेली. शिवम्माक्का बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. आतून तांदूळ पाखडल्याचा आवाज येत राहिला. आत या, असं काही ती म्हणाली नाही.